जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स : आधी निदान, मग खर्च

सावदा-रावेरकडील केळीच्या मळ्यांत पुष्कळ वर्षे राबलेल्या ट्रॅक्टरचा गिअर पडेनासा झाला, किंवा चालता चालता सुटू लागला, म्हणजे मालकास बहुधा दोनच सल्ले मिळतात : सगळे गिअर नवे घाला, नाही तर ट्रॅक्टर विकून कर्जाने दुसरा घ्या. हे दोन्ही सल्ले घाईचे होत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घडांनी भरलेली ट्रॉली काळ्या चिखलातून ओढताना चालक क्लच अर्धवट दाबून ठेवतो. त्यायोगे क्लचप्लेट तापते, वाकते आणि क्लच पुरता सुटत नाही. मग जुन्या पद्धतीच्या सरकत्या गिअरांचे दाते फिरत असतानाच परस्परांवर आदळून तोंडाशी झडतात. अशा वेळी क्लच तसाच ठेवून नवे गिअर घालणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. गिअर आपोआप सुटत असेल, तर पुष्कळदा दोष गिअर सरकविणाऱ्या फोर्कच्या झिजेत, किंवा तेथील गोळी दाबून धरणाऱ्या सैल स्प्रिंगमध्ये सापडतो. त्या स्प्रिंगची किंमत ती काय!

सबब, खोलण्यापूर्वी ऑईल काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. त्यात धातूचे तुकडे निघाले तर दाता किंवा बेअरिंग फुटले आहे, असे समजावे. कित्येक ट्रॅक्टरांत गिअर व हायड्रॉलिक यांस एकच ऑईल असते. तेथे स्वस्त म्हणून भलतेच ऑईल ओतल्यास दोहोंची हानी होते.

जुने सुटे भाग मिळत नाहीत, असा आक्षेप येईल. एच. एम. टी.ने १९७१ साली पिंजोर येथे झेटर ट्रॅक्टर काढण्यास आरंभ केला, आणि २०१६ साली तो कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला, हे खरे. परंतु बेअरिंगे बहुधा ठरीव मापाची असतात. कड्यावरील क्रमांक सांगितल्यास ती अन्य कंपनीचीही चालतात. गिअरबॉक्सचे कवचच तडकले असेल, तर मात्र नव्याचा विचार रास्त ठरेल.

एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. बहुतेक ट्रॅक्टरांस वेगळी चॅसिस नसते. इंजिन, गिअरबॉक्स व मागचा आस एकमेकांस जोडून त्याचा कणा झालेला असतो. क्लचसाठी हा कणाच मधून सोडवावा लागतो, आणि तेव्हा इंजिन पुढच्या आसावर डोलू लागते. तेथे पाचरी न ठोकता, एका जॅकच्या भरवशावर झाडाखाली हे काम करणे जिवाशी खेळ आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक गावच्या सोसायटीने मजबूत घोडे, जॅक व बेअरिंग ओढण्याचा पुलर ही सामग्री सामाईक ठेवून अल्प भाड्याने द्यावी, आणि जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली दोन तरुण तयार करावेत. दुरुस्तीची विद्या गावात राहिली, तर कर्जाचा एक दरवाजा आपोआप बंद होईल.