पाणी शिरते कुठून, दिसते कुठे?



आमच्या राधानगरी तालुक्यात पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. दाजीपूरकडून ढग उतरतात, भोगावती दुथडी भरते आणि घरोघरी भांडी गळतीखाली मांडली जातात. माणूस घराची कौले वेळेवर परतून घेतो. परंतु दारापुढे उभ्या असलेल्या जुन्या गाडीकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. पावसाळा अर्धा सरतो, मागच्या सीटला कुबट वास येऊ लागतो, पायाखालची मॅट ओली लागते, तेव्हा कोठे घरात चर्चा सुरू होते. म्हणून या वेळी आम्ही गाडीच्या मागच्या काचेतून होणारी गळती हा विषय घेतला आहे.

हा श्रीमंतांचा विषय आहे असे कोणी समजू नये. आपल्या वस्त्यांतून ज्या गाड्या दिसतात त्या बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या असतात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, ओम्नीचे २०१९ साली. तरी या गाड्या आजही गावोगाव धावताना दिसतात. रात्री-अपरात्री बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला कोल्हापूरला न्यायचे झाले, तर शेजाऱ्याची हीच जुनी गाडी पहिली उभी राहते. ती एका घराची असली तरी वेळेला सगळ्या वस्तीची असते. तिचा पत्रा गंजून गेला तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही.

आता मुद्द्याकडे वळू. कौलारू घरात राहिलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक आहे. कौल फुटलेले असते एकीकडे आणि थेंब पडतो दुसरीकडे. पाणी रिपेवरून, वाशावरून सरकत येते आणि सोयीच्या जागी टपकते. गाडीचेही तसेच आहे. मॅट भिजली म्हणजे काचच गळते असे नाही. पाणी काचेभोवतीच्या रबरातून येत असेल, डिकीच्या दाराच्या रबरातून येत असेल, मागच्या दिव्यांच्या फटीतून येत असेल, किंवा छताच्या पन्हळीतील जोडाची भेग सुटलेली असेल. तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगून थांबू नका, दुःखाचे कारण शोधा, असे शिकवले. काम गाडीचे असले तरी रीत तीच. कारण न शोधता वरून काहीतरी थापणे म्हणजे पैसा आणि श्रम दोन्ही वाया घालवणे.

शोध घ्यायला दोन माणसे पुरेत. प्रथम मॅट, सीटची गादी, डिकीतील पुठ्ठे बाहेर काढून आतला पत्रा फडक्याने कोरडा करावा. काचेच्या रबराच्या आतल्या कडेला पावडर किंवा खडूची भुकटी लावावी. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीने संथ धार सोडावी. जोराचा फवारा मारू नये. त्याने एरवी न गळणारी जागाही गळते आणि फसगत होते. धार खालून वर न्यावी. आधी मागचे दिवे, मग काचेची खालची कड, मग दोन्ही कोपरे, मग वरची कड आणि शेवटी छताची पन्हळ. प्रत्येक जागी पाच मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि काहीच समजत नाही. पावडरीत ज्या जागी ओला ओहोळ उमटेल, तेथे खडूने खूण करावी. टॉर्च धरायचे काम घरातील मुलामुलींना द्यावे. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते आणि शोधण्याची सवयही लागते.

दोष काचेच्या रबरात निघाला, तर आधी काच कशी बसवलेली आहे ते पाहावे. जुन्या गाड्यांत बहुधा जाड रबराच्या खोबणीत काच बसवलेली असते. हे काम घरी करता येते. नव्या धाटणीच्या गाड्यांत काच पत्र्याला थेट चिकटवलेली असते. तिची गळती असेल तर काच काढून पुन्हा चिकटवावी लागते. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

रबराची काच असेल आणि रबर अजून मऊ असेल, तर कोरड्या दिवसाची उघडीप साधावी. साबणाच्या पाण्याने रबर आणि काच स्वच्छ धुवावी. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये, त्याने रबर फुगते आणि सैल पडते. मग बांबूची पातळ, गुळगुळीत केलेली चिंबळी घेऊन रबराची कड हलकेच उचलावी. स्क्रू ड्रायव्हरने रबर फाटते आणि काचेलाही धोका होतो. मागची काच साधारणपणे टफन्ड असते. तिच्या कडेवर लोखंड बसले तर क्षणात तिचे खडे होतात. म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय या कामाला हात लावू नये. कडेखालची माती काढून, आतली जागा पूर्ण वाळवून, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे काचेचे न कडकणारे सीलंट तेथे भरावे. काच आणि रबर यांमध्ये भरावे, तसेच रबर आणि पत्रा यांमध्येही भरावे. जास्तीचे लगेच पुसून घ्यावे. नळीवर लिहिलेला वेळ होईपर्यंत गाडी पाण्यात नेऊ नये.

येथे दोन गोष्टी टाळाव्यात. एक, एम-सीलसारखा दगडासारखा कडक होणारा लेप. गाडी खड्ड्यातून हादरते, लेपाला तडा जातो आणि गळती पुन्हा सुरू होते. दुसरी, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन. त्यातील आम्लाने उघडा पत्रा गंजतो. बाहेरून गळती थांबलेली दिसते आणि आत गंज वाढत राहतो. सिलिकॉनच घ्यायचे तर दुकानदाराला न्यूट्रल प्रकारचे मागावे.

रबराखाली गंज दिसला तर सीलंट भरायची घाई करू नये. पोपडे खरवडून, पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साईड आणि त्यावर रंग द्यावा, वाळू द्यावा, मगच पुढे जावे. रबर कडक होऊन चिरले असेल तर नवे रबर घालणे हाच उपाय. त्याची युक्ती जुनी आहे. नवे रबर काचेभोवती बसवून त्याच्या बाहेरच्या खोबणीत नायलॉनची बारीक दोरी गुंडाळतात आणि दोन्ही टोके आतल्या बाजूला खाली सोडतात. साबणाचे पाणी लावून काच बाहेरून जागेवर धरतात. बाहेरचा माणूस तळहाताने दाबत राहतो, आतला माणूस दोरी हळूहळू ओढतो आणि रबराची कड पत्र्यावर आपोआप चढते. काचेला वायरी जोडलेल्या असतील तर त्या आधी सोडवाव्यात.

राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभे राहिले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाहायला लोक लांबून येतात. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. पाणी अडवायला भिंत जितकी हवी, तितकीच त्याला वाट द्यायला दारे हवीत. गाडी बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. दाराच्या आणि डिकीच्या खालच्या कडेला बारीक भोके ठेवलेली असतात, ती आत आलेले पाणी बाहेर जाण्यासाठी. चिखलाने ती बुजली की पाणी साठते आणि पत्रा आतून कुजतो. गळती म्हणून ही भोके बुजवणारेही असतात! ती काडीने साफ करावीत, कधीही बंद करू नयेत. काही गाड्यांत स्टेपनीच्या खड्ड्याला रबरी बूच असते. ते काढून पाणी सोडावे आणि पुन्हा घट्ट बसवावे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. ज्या फटीतून पाणी येते त्या फटीतून धूरही येतो. गाडी चालू लागली की तिच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर डिकीच्या रबरातील फटीतून आत ओढला जातो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला आपली कुटुंबे रात्रभर प्रवास करतात. लेकरे मागच्या सीटवर पांघरूण घेऊन झोपलेली असतात. काचा बंद असतात. म्हणून डिकीचे रबर ही केवळ पावसाची बाब नाही. एक साधी परीक्षा करावी. रबर आणि पत्रा यांमध्ये कागदाची पट्टी ठेवून डिकी लावावी आणि पट्टी ओढावी. सहज निघाली तर तेथे रबर दबत नाही असे समजावे. अशी परीक्षा सगळ्या कडेने करावी. प्रवासात मागे धुराचा वास आला, किंवा दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर गाडी थांबवून सर्वांनी मोकळ्या हवेत उतरावे. गाडी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक कागदोपत्री गोष्टही सांगून ठेवतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि त्या वेळी गाडीची तपासणी होते. कुजलेल्या पत्र्याची गाडी तेथे अडते. आज एका सीलंटच्या नळीत भागणारे काम टाळले, तर उद्या पत्रा कापून जोडण्याचा खर्च बसतो. गाडीच्या कागदांबरोबर एक छोटी वही ठेवावी. कोणती जागा गळली, काय भरले, कोणत्या तारखेला, हे त्यात लिहावे. पुढच्या वर्षी शोधाचे निम्मे श्रम वाचतात.

धम्मपदाच्या यमकवग्गात नीट न शाकारलेल्या घराचा दृष्टान्त आहे. तो मनासाठी आहे, हे खरे. पण ज्याला घर शाकारणे म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्यालाच तो दृष्टान्त चटकन उमगतो. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. त्याआधी मे महिन्यात, ऊन असतानाच, एक दुपार काढून गाडीची ही पाहणी उरकावी. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी शेजाऱ्याच्या गाडीसाठी टॉर्च धरावा. वेळेला तीच आपल्या दारी येणार आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!