गाठोड्यातला वारसा

काजारकालीन इराणात घरोघरी स्नानगृह नसे. स्त्रिया सार्वजनिक हमामात जात, तेव्हा अर्धा दिवस सहज सरे. सोबतच्या वस्त्राच्या गाठोड्यात बसण्यास तांब्याचे ताट, पाण्यासाठी नक्षीदार वाडगा, अंग घासण्याची खरखरीत पिशवी व मेंदी असे. हा संच नववधूस आंदणात मिळे आणि पुढे लेकीकडे जाई. हमामात देह सारखेच. ऐपत सांगे ते तांबे! घरांत नळ आले आणि गाठोडे पेटीत गेले. केरमानचा सतराव्या शतकातील गंज अली खान हमाम आज संग्रहालय आहे. ‘हमामखाना’, ‘तस्त’ हे शब्द मराठीस फारसीनेच दिले. मोडीच्या काट्यावर केवळ वजन भरते. वाचकहो, आपले जुने भांडे तेथे नेण्यापूर्वी त्यावर कोरलेले आजीचे नाव लेकीस वाचून दाखवावे.