विश्लेषण : हळदीच्या मांडवातला ‘जॅम बँड’ रात्री दहालाच का थांबतो? वसई-विरारच्या बेंजो पार्ट्यांपुढे पेच काय?

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. वसई-विरारच्या कोळीवाड्यांत आणि आगरी गावांत या दिवसांत हळदी गाजतात त्या बेंजो पार्टीच्या तालावर. आज नायगावची सुपारी, उद्या अर्नाळ्याची, असा या वादकांचा दौरा पाऊस सुरू होईपर्यंत चालतो. अमेरिकेत उन्हाळी दौऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘जॅम बँड’शी त्यांचे बरेच साम्य आहे. फरक असा की, इथल्या मैफलीला रात्री दहाची वेस आहे. हा नियम नेमका काय सांगतो आणि त्याचा फटका डीजेपेक्षा बेंजोला जास्त का बसतो, याचा आढावा.

‘जॅम बँड’ म्हणजे काय?

ठरलेली गाणी ठरलेल्या वेळेत वाजवण्याऐवजी मंचावरच एका चालीचा विस्तार करत जाणारा वाद्यवृंद म्हणजे जॅम बँड. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेला ‘ग्रेटफुल डेड’ हा त्यातला आद्य मानला जातो. त्यांची एक मैफल दुसरीसारखी नसे. त्यामुळे चाहते गावोगाव त्यांच्या मागे फिरत. १९८४ पासून तर मैफल ध्वनिमुद्रित करणाऱ्या श्रोत्यांसाठी त्यांनी वेगळी जागाच राखून ठेवली. या बँडचा जेरी गार्सिया सुरुवातीच्या काळात बेंजोवादक होता. अर्थात, तो बेंजो वेगळा आणि आपला वेगळा.

मग आपला बेंजो कोणता?

टंकलेखन यंत्रासारखी बटणे असलेले हे तंतुवाद्य म्हणजे बुलबुल तरंग. त्याचे मूळ १९१२ च्या सुमारास जपानमधील नागोया शहरात तयार झालेल्या ‘ताइशोगोतो’ या वाद्यात आहे. एका हाताने बटणे दाबायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, अशी त्याची पद्धत. भारतात आल्यावर त्याला पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडला गेला, सोबतीला ढोल, ताशा, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आले आणि ‘बेंजो पार्टी’ उभी राहिली. दिग्दर्शक रवी जाधव यांचा २०१६ मधील ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच वादकांवर बेतलेला होता.

साम्य कुठे आहे?

बेंजो पार्टीतही गाण्यांचा क्रम आधी ठरत नाही. नाचणाऱ्यांचे पाय पाहून मास्टर चाल बदलतो. कोळीगीताच्या सहा मात्रांच्या ठेक्यावरून हिंदी गाण्यावर जायचे, तिथून नवरीच्या मामाच्या फर्माइशीवर यायचे आणि रंगलेली चाल आणखी दहा मिनिटे फिरवायची, हे सगळे ताल न तोडता. म्हणूनच बेंजोची खरी ताकद पहिल्या गाण्यात दिसत नाही. ती चढत जाते आणि त्याला वेळ लागतो.

रात्री दहाचा नियम नेमका काय?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ‘स्पीकर बंद केला की झाले’ असा अनेकांचा समज असतो, पण तो चुकीचा आहे. नियमात ध्वनिक्षेपकासोबत वाद्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर काढून नुसता ढोल वाजवला तरी सुटका नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागेला सवलत आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. मात्र ती सार्वजनिक उत्सवांसाठी असते, घरच्या हळदीसाठी नव्हे.

दहाच्या आधी कितीही आवाज चालतो?

नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. खासगी जागेत वाजवताना त्या जागेच्या हद्दीवर आवाज याहून फार तर ५ डेसिबल जास्त चालतो, म्हणजे ६० डेसिबल. समोरासमोरच्या साध्या गप्पांचा आवाजही साधारण एवढाच असतो. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. या हिशेबाने एक मीटरवर १०० डेसिबल देणारा स्पीकर ६० डेसिबलवर यायला १०० मीटर अंतर लागते. गावठाणात दोन घरांमध्ये एवढी जागा कुठून आणायची? त्यात २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली. जुन्या गावांना टॉवर येऊन भिडले आहेत. मांडवातल्यांना हळद एकदाच असते, पण समोरच्या इमारतीतल्या आजारी माणसासाठी, परीक्षा देणाऱ्या मुलासाठी किंवा पहाटेची लोकल पकडणाऱ्यासाठी लग्नसराईत अशा रात्री अनेक येतात.

गाणी वाजवण्यासाठी परवाना लागतो का?

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभांत गाणी वाजवल्यास हक्कभंग होत नाही. केंद्राने जुलै २०२३ मध्ये तसे स्पष्टही केले. गोवा सरकारने याच विषयावर काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले, पण कायद्यातील मूळ सवलत कायम आहे. मात्र हळदीचा व्हिडीओ यूट्यूबवर टाकला, तर ही सवलत तिथे लागू होत नाही. त्यामुळे वादकांची जाहिरात ठरणाऱ्या व्हिडीओवर गाण्याच्या मालकाचा दावा येऊ शकतो.

फटका बेंजोला जास्त का?

डीजेला एक-दोन माणसे पुरतात आणि हवे ते गाणे पहिल्या मिनिटापासून वाजते. बेंजो पार्टीत बरेच वादक असतात, त्यामुळे एकाच सुपारीचे पैसे अनेकांत वाटले जातात. कमाईचा मोठा भाग लग्नसराईच्या मोजक्या तारखांवर अवलंबून असतो. पाहुणे नऊ वाजता जमले, तर डीजेचा एक तास भरून जातो. बेंजोचा मात्र ठेका रंगात येतो आणि घड्याळात दहा वाजतात. नियम दोघांना सारखाच आहे, पण वेळ कमी पडला की कस लागतो तो चढत जाणाऱ्या वादनाचा.

यावर उपाय काय?

नियम शिथिल होण्याची वाट पाहण्यापेक्षा हळदीची वेळ अलीकडे आणणे यजमानांच्या हातात आहे. सहाला मांडवात वाजायला लागले, तर दहापर्यंत चार तास मिळतात. त्या वेळेतही स्पीकरचे तोंड इमारतींकडे न ठेवता मांडवाच्या आत वळवणे आणि आवाज आटोक्यात ठेवणे गरजेचे आहे. बेंजोला भिंतीएवढ्या स्पीकरची तशी गरजही नसते. हवा असतो तो वेळ. पत्रिकेत हळदीची वेळ सहाची छापली आणि ती पाळली, तर शेजाऱ्यांची झोप आणि वादकांची सुपारी, दोन्ही वाचतील.