गाड्या वेळेवर होत्या

पुण्याहून नगर-मनमाडकडे निघालेल्या माणसाला दौंड लक्षात राहतं ते एकाच कारणाने. इथे गाडी उलटी फिरते. पुढचं इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून डब्यांना ओलांडून मागे जातं आणि शेपटीला जोडलं जातं. तेवढ्यात चहा होतो, पाण्याच्या बाटल्या भरून होतात. मग एक हिसका बसतो, गाडी निघते आणि इतका वेळ दिशेला तोंड करून बसलेली माणसं पाठमोरी प्रवास करू लागतात. नवखा प्रवासी हटकून विचारतो, “अहो, ही परत पुण्याला चालली का?” आम्ही दौंडची मुलं हा प्रश्न ऐकत आणि त्याला हसत मोठी झालो. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या गावाच्या बाहेरून परस्पर निघून जातात, त्यामुळे हसण्याची ती संधीही कमी झाली.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘सत्तांतर’ हा विषय ठरला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हेच आलं. इंजिन या टोकाचं त्या टोकाला जातं. डबे तेच असतात आणि डब्यांतली माणसंही आपापल्या जागा धरून तशीच बसलेली असतात.

वाचकहो, दिवाळीच्या शुभेच्छा आधी देऊन टाकतो, कारण पुढचा मजकूर फराळासोबत वाचण्यासारखा नाही.

आणीबाणीला पन्नास वर्षं उलटली. आमच्या गावात तिचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: “काही म्हणा, गाड्या वेळेवर होत्या.” हे वाक्य मी निवृत्त रेल्वेवाल्यांच्या तोंडून ऐकलं आहे, सलूनमध्ये ऐकलं आहे आणि 1977 नंतर जन्मलेल्या शिक्षकांकडूनही ऐकलं आहे. ज्यांनी ती गाडी पाहिलीच नाही त्यांनाही ती वेळेवर आल्याची खात्री आहे. मला कुतूहल आहे ते याचं. सरकार 1977 साली गेलं, पण त्याने लोकांच्या डोक्यात ठेवलेलं वाक्य अजून भाडं न देता राहतं आहे.

रेल्वेच्या गावात तर हे वाक्य जास्तच विचित्र वाटायला हवं. कारण आणीबाणीच्या आदल्या वर्षी, 8 मे 1974 रोजी, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. वीसेक दिवस तो चालला आणि मोडून काढला गेला. हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, ठिकठिकाणच्या रेल्वे वसाहतींत संपकऱ्यांच्या बायकापोरांना क्वार्टर खाली करायला लावले. 26 जून 1975 च्या सकाळी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून आणीबाणी जाहीर केली तेव्हा रेल्वेतल्या माणसाला भीती नव्याने शिकवण्याची गरज उरली नव्हती. गाडी वेळेवर आली असेल, तर ती आणणाऱ्याला हे सगळं आठवत होतं म्हणूनही आली असेल. पण कौतुक घड्याळाचं झालं.

मुसोलिनीबद्दलही जग हेच सांगतं. त्याच्या काळात इटलीतल्या गाड्या वेळेवर धावायच्या म्हणे. सुधारणेचं बरंचसं काम त्याच्या आधीच सुरू झालं होतं आणि सगळ्या गाड्या काही वेळेवर नव्हत्याच, असं इतिहासकार सांगत आले. कोणी ऐकत नाही. हुकूमशहांना रेल्वेचं एवढं वेड का, याचं उत्तर सोपं असावं: उशिराची गाडी सगळ्यांना दिसते, तुरुंगात गेलेला शेजारी दिसत नाही. आणीबाणीत देशभरात लाखावर माणसं स्थानबद्ध झाली. आमच्यापासून दीड-दोन तासांवरचा येरवडा तुरुंग भरून वाहत होता. पण वर्तमानपत्रात ते नव्हतं. सेन्सॉरचा निषेध म्हणून काही संपादकांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर कोरी जागा सोडायलाही बंदी आली. संपादक म्हणून मला हा हुकूम त्या काळातला सगळ्यांत हुशार हुकूम वाटतो. काय छापायचं नाही हे सांगणं कोणालाही जमतं. काही छापलेलं नाही हे कोणाला कळू नये, ही खरी कारागिरी.

आणि तोंड बंद करून मन ताब्यात येत नाही. तोंडात काहीतरी घालावं लागतं. विनोबांच्या बाबतीत जे झालं ते यासाठी पुन्हा पुन्हा आठवावं असं आहे. विनोबांचं तेव्हा वर्षभराचं मौन चालू होतं. त्या मौनात त्यांच्याकडून ‘अनुशासनपर्व’ हा महाभारतातला शब्द आला आणि सरकारने तो उचलला. भिंतींवर, पोस्टरांवर, जाहिरातींत तो झळकू लागला. डिसेंबर 1975 मध्ये मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्ताधाऱ्यांचं असतं ते शासन. तोवर उशीर झाला होता. शब्द पोस्टरावर गेला होता आणि खुलासा पोस्टरावर जात नाही.

चेकोस्लोव्हाकियात वात्स्लाव हावेल यांनी 1978 साली एका दीर्घ निबंधात एका भाजीवाल्याचं उदाहरण दिलं आहे. तो दुकानाच्या काचेत कांदे-गाजरांच्या मध्ये सरकारी घोषणेची पाटी लावतो. त्या घोषणेवर त्याचा विश्वास नसतो, ती तो कधी धड वाचतही नाही. लावली नाही तर कटकट होईल, एवढंच त्याला ठाऊक असतं. पण गल्लीतल्या प्रत्येक काचेत पाटी लागली की गल्ली बोलू लागते. आपल्याकडे ‘बातें कम, काम ज़्यादा’ लिहिलेल्या पाट्यांखाली बसून किती कारकुनांनी तसंच दुपारचं ताक प्यायलं असेल!

अशा दिवसांत एखाद्याने पाटी लावली नाही की सगळी गल्ली ओशाळते. कऱ्हाडला डिसेंबर 1975 मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्ष दुर्गा भागवत. जयप्रकाश नारायण तुरुंगातून सुटले होते ते मूत्रपिंड निकामी होऊन. मंत्र्यांच्या समोर, भर मंडपात दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. एवढंच. सेन्सॉरच्या नियमावलीत प्रार्थनेचं कलम नव्हतं. पुढच्या वर्षी बाईंना मुंबईत अटक झाली. मला मात्र दुर्गाबाईंइतकंच कुतूहल त्या मंडपातल्या श्रोत्यांचं आहे. उभं राहताना आधी शेजाऱ्याकडे किती जणांनी पाहिलं असेल?

मग मार्च 1977 आला. आणीबाणी उठण्याआधीच लोकसभेसाठी मतदान झालं. आपल्या राज्यात 48 पैकी काँग्रेसला 20 जागा मिळाल्या. दौंड आज ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात आहे तिथून जनता पक्षाचे संभाजीराव काकडे निवडून आले, पुण्यातून मोहन धारिया. लोकांनी न बोलता केलेलं ते सत्तांतर होतं आणि त्याचं मोल मी कमी करत नाही. पण नवं सरकार जुलै 1979 पर्यंतही नीट टिकलं नाही. जानेवारी 1980 मध्ये त्याच महाराष्ट्राने इंदिरा काँग्रेसला 39 जागा दिल्या. न्यायमूर्ती शहा आयोगाने तीन खंडांत आणीबाणीचा हिशेब मांडला होता. त्याच्या प्रती पुढे मिळेनाशा झाल्या. अखेर 2010 साली माजी खासदार एरा सेझियन यांनी आपल्याकडची प्रत पुन्हा छापून काढली. विनाचौकशी डांबणारा मिसा कायदा रद्द झाला, घटनेत 44 वी दुरुस्ती झाली, ‘अंतर्गत अशांतता’ या सबबीवर आणीबाणी आणायची वाट बुजली. हे मोठंच काम. पण 1980 मध्येच विनाचौकशी स्थानबद्धतेचा नवा कायदा आला आणि तो आजही आहे, त्यानंतरच्या सगळ्या रंगांच्या सरकारांना तो उपयोगी वाटत आला आहे.

सत्ता बदलते आणि यंत्रणा तीच राहते, हे आपल्या भीमेच्या खोऱ्याला नवं नाही. घोडनदीच्या काठी शिरूरला कंपनी सरकारची छावणी होती. पेशवाई बुडाली त्यातल्या काही घडामोडी याच मुलखात घडल्या. 1818 साली राज्य बदललं, आणि एल्फिन्स्टनने पहिली काळजी घेतली ती काहीच बदललं नाही असं लोकांना वाटावं याची. वतनं चालू, इनामं चालू, पुण्याची दक्षिणाही थोडी आखडून चालू. गावात पाटील तोच, कुलकर्ण्याचं दप्तर तेच, फक्त पैसे वेगळ्या पेटीत जाऊ लागले. एका परीने हे शहाणपणच, नाहीतर रक्त सांडलं असतं. पण तयार दप्तर नव्या धन्याला किती सोयीचं पडतं, तेही यात दिसतं. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर इंग्रजांनी बंदी घातली. इंग्रज गेले, तरी महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी सरकारी मंडळाकडे पाठवायची रीत राहिली. ‘सखाराम बाइंडर’ला 1972 साली त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

दूरचं खूप झालं. आमच्या कचेरीतल्या कपाटात या अंकाच्या जुन्या प्रतींची चळत आहे. विषय शोधायला म्हणून ती काढली आणि जाहिरातींचीच पानं उलटत बसलो. शुभेच्छुकांची नावं वर्षानुवर्षं तीच. वरच्या पट्टीतले फोटो बदलतात. नोव्हेंबर 2019 मध्ये राज्यात सरकार बदललं, जून 2022 च्या अखेरीस पुन्हा बदललं, आणि पुढच्या प्रत्येक अंकात फोटोंची उतरंड नव्याने रचलेली दिसते: सगळ्यांत मोठा कोण, कोपऱ्यात कोण, आणि कोण गायब. एका वर्षी तर फॉर्म छपाईला गेल्यावर एका जाहिरातदाराचा फोन आला, “मधला फोटो काढा, गेल्या वर्षीचा घाला.” मी म्हटलं, गेल्या वर्षी तुम्हीच तो काढायला लावला होता. ते मनमोकळं हसले आणि म्हणाले, “साहेब, आपण व्यापारी माणसं.” मीही हसलो आणि फोटो बदलला. पान चार हजारांचं होतं.

1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा टिळकांना मंडालेत जाऊन वर्षच झालं होतं आणि पुढच्याच वर्षी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला. तेव्हा आपला हा छापील फराळ जन्मला तोच असल्या हवेत. म्हणून आम्ही भ्यायचं कारण नाही, असं लिहिणार होतो. पण या अंकातला एक लेख लेखकानेच परत मागून घेतला. कोणी धमकावलं नव्हतं, कोणाचा फोनही आला नव्हता. “कशाला उगाच,” एवढंच ते म्हणाले. लेख चांगला होता. त्याची जागा आम्ही कोरी सोडलेली नाही, तिथे पाककृती आहे. चिरोट्याची.

लेखाच्या निमित्ताने मागच्या महिन्यात एका निवृत्त गार्डकाकांना भेटायला गेलो. ऐंशी पार केलेले, पण संध्याकाळी फलाटाच्या टोकाच्या बाकावर येऊन बसणं चुकवत नाहीत. आणीबाणी म्हणताच त्यांचं वाक्य आलं, “गाड्या वेळेवर होत्या बघा. घड्याळ लावून घ्यावं!” मी विचारलं, तुमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक फायरमन राहायचे ना, संपात होते, त्यांचं पुढे काय झालं? काका बराच वेळ रुळांकडे पाहत राहिले. समोर इंजिन सुटून मागच्या टोकाकडे निघालं होतं. मग त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. बाकावर आम्ही दोघंच होतो, पलीकडे एक कुत्रं. ते माझ्या कानाशी वाकले आणि कुजबुजत सांगू लागले. कोण रात्री आलं, सामान कुठे टाकलं, त्यांच्या बायकोने कोणाचं दार ठोठावलं आणि ते कोणी उघडलं नाही. “आम्हीसुद्धा नाही,” ते म्हणाले.

उठताना त्यांनी माझा हात धरला. “नाव घालू नका हं.”

घातलेलं नाही.