पाव मैलाचे गणित

माझा भाचा नोकरीच्या निमित्ताने मिशिगन राज्यात स्थायिक झाला आहे. त्याच्यापाशी १९८७ सालची एक काळीभोर ब्यूक ग्रँड नॅशनल मोटार आहे. आठवडाभर तिने त्याला कचेरीत न्यावे आणि त्याच्या मोबदल्यात शनिवारी त्याने तिला शर्यतीच्या धावपट्टीवर न्यावे, असा त्या दोघांचा जणू करारच आहे. आमच्या भगिनीस हे वेड मुळीच पसंत नाही. मला मात्र त्यामागचे शास्त्र मोह घालते, म्हणून या महिन्यात त्याविषयी.

ड्रॅग रेसिंगमध्ये वळणे नसतात. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात; समोर सरळ पाव मैल, म्हणजे १३२० फूट वाट. खांबावरचे पिवळे दिवे लागून हिरवा दिवा लागला की सुटायचे, एवढाच खेळ. रस्त्यावर बेफाम धावणाऱ्या तरुणांना नियमांचा लगाम घालावा या हेतूने वॉली पार्क्स यांनी १९५१ साली अमेरिकेत नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तिच्या नियमानुसार चौदा सेकंदांच्या आत पल्ला गाठणाऱ्यास शिरस्त्राण सक्तीचे आहे, हे मी भगिनीस आवर्जून कळविले आहे.

ग्रँड नॅशनलचे इंजिन ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, २४५ अश्वशक्तीचे. कारखान्यातून आली तशी ती चौदा सेकंदांच्या आसपास धावते. तिचे बळ टर्बोत आहे. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा अधिक, म्हणून पेट्रोल अधिक, म्हणून जोर अधिक. हा दाब वेस्टगेट नावाची झडप आवरून धरते. तिची दांडी थोडी आखूड केली की दाब वाढतो. पान्याचे दोनचार फेरे पुरतात, आणि घात होतो तो येथेच.

सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड तापते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. सत्तावीस अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबली की ती सुमारे एकशेवीस अंशांवर जाते. इंटरकूलर तिला निववतो खरा, परंतु त्यालाही मर्यादा आहे. हवा फार तापली, किंवा पेट्रोल अपुरे वा हलक्या ऑक्टेनचे असले, की ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. दट्ट्यावर जणू हातोडी बसते. या इंजिनात पहिला बळी जातो तो बहुधा हेड गॅस्केटचा.

भाच्याचे तेच झाले. इंधनाची सोय न वाढविता त्याने दाब वाढविला. त्या गोंगाटात इंजिनाचे ठोके कानी पडणे अशक्यच; पण नॉक सेन्सर ते ऐकत होता, संगणक ठिणगी मागे ओढत होता, आणि डॅशबोर्डवर लावलेल्या यंत्रावर तो आकडा चढत होता. भाच्याचे लक्ष शेवटच्या वेळेकडे! तिसऱ्या धावेत पांढरा धूर निघाला, पाणी सिलिंडरात शिरले, आणि सोमवारी स्वारी बसने कचेरीत गेली.

दुरुस्तीनंतर क्रम उलटा झाला. आधी मोठा इंधनपंप आणि मोठे इंजेक्टर. मग मेथॅनॉल व पाण्याचा फवारा, जो वाफ होताना हवेची उष्णता शोषून घेतो. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांनीही हा उपाय वापरला होता. एका वेळी एकच बदल, त्यानंतर एक धाव, नोंदी वहीत, स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहणे, आणि नॉकचा आकडा शून्य असेल तरच दाब किंचित वाढविणे. याला पूर्ण उन्हाळा गेला.

खरी गंमत तर पहिल्या साठ फुटांत आहे. तेथे सेकंदाचा दशांश वाचला की शेवटी दीड दशांश वाचतो. म्हणून मागच्या टायरांतली हवा कमी करायची, ते जागीच फिरवून तापवायचे, आणि सुटण्यापूर्वी एक पाय ब्रेकवर व दुसरा ॲक्सिलरेटरवर ठेवून टर्बोला आधीच जाग आणायची. कारण हे चक्र झोपाळू आहे, हाकेसरशी उठत नाही. फार जागविले तर टायर नुसते फिरतात, कमी जागविले तर समोरचा निघून जातो. हे मात्र कोणत्याही वहीत लिहून येत नाही.

परवा त्याने धावेची छापील चिठ्ठी पाठविली. वेळ १३.४ सेकंद. खाली पेनने लिहिले होते: ‘नॉक शून्य. सोमवारी गाडीनेच कचेरीत जाणार.’