विश्लेषण : सिडनी ते होबार्ट… वाऱ्याशी नव्हे, निर्णयांशी शर्यत?

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, दुपारी एक वाजता सिडनी बंदरात तोफ वाजते आणि शिडाच्या नौका टास्मानियातील होबार्टच्या दिशेने सुटतात. ऑस्ट्रेलियात हा दिवस जणू सणाचाच भाग. पण २०२४ मध्ये शर्यत सुटली त्याच रात्री दोन वेगवेगळ्या नौकांवर दोन खलाशांचा मृत्यू झाला आणि शर्यत तरीही सुरूच राहिली. असे का? धोकादायक हवामानात पुढे जायचे की परतायचे, हे नेमके कोण ठरवते?

शर्यत नेमकी काय आहे?

सिडनी ते होबार्ट हे अंतर ६२८ सागरी मैल, म्हणजे सुमारे ११६३ किलोमीटर. मुंबईहून समुद्रमार्गे कोचीला जाण्यापेक्षाही थोडे जास्त. ‘क्रुझिंग यॉट क्लब ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा सिडनीतील क्लब टास्मानियातील ‘रॉयल यॉट क्लब’च्या सहकार्याने ही शर्यत भरवतो. सुरुवात १९४५ मध्ये झाली. काही हौशी मंडळी शिडाच्या नौकांतून होबार्टला सहलीसाठी निघाली होती. ब्रिटिश नौदलातील कॅप्टन जॉन इलिंगवर्थ यांनी सुचवले, की जातोच आहोत तर शर्यतच लावू. नऊ नौका निघाल्या आणि इलिंगवर्थ यांचीच ‘रानी’ जिंकली. तिला सहा दिवस, १४ तास आणि २२ मिनिटे लागली. त्यानंतर ही शर्यत दरवर्षी झाली. खंड पडला तो फक्त २०२० मध्ये, करोनामुळे.

वेगाचा विक्रम ‘एलडीव्ही कोमांचे’ या १०० फुटी नौकेच्या नावावर आहे. २०१७ मध्ये तिने एक दिवस, नऊ तास, १५ मिनिटे आणि २४ सेकंदांत होबार्ट गाठले. म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर. ‘रानी’चा वेग होता सात किलोमीटरच्या आसपास. गंमत म्हणजे त्या वर्षी होबार्टला आधी पोहोचली होती ‘वाइल्ड ओट्स-११’. पण सुरुवातीलाच सिडनी बंदरात तिने ‘कोमांचे’चा मार्ग अडवला होता. त्यासाठी तिच्या वेळेत एक तासाची भर घालण्यात आली आणि विजेतेपद हातचे गेले.

पहिली पोहोचणारी नौका विजेती नसते?

तिला मान मिळतो, पण शर्यतीचा मुख्य ‘टॅटरसॉल’ करंडक तिला मिळेलच असे नाही. १०० फुटी आणि ३५ फुटी नौकांची थेट तुलना अन्यायकारक ठरते. म्हणून लांबी, वजन, शिडाचे क्षेत्रफळ अशा मोजमापांवरून प्रत्येक नौकेला एक गुणक दिला जातो. प्रत्यक्ष लागलेल्या वेळेला त्या गुणकाने गुणायचे आणि येणारी वेळ सर्वांत कमी असेल ती नौका विजेती.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोठ्या नौकेचा गुणक १.८ आहे आणि तिला ४८ तास लागले. तिची सुधारित वेळ ८६.४ तास. लहान नौकेचा गुणक १ आहे आणि तिला ८४ तास लागले. तिची वेळ ८४ तासच. म्हणजे दीड दिवस उशिरा पोहोचूनही करंडक लहान नौकेचा. यात एक मेख आहे. लहान नौका जास्त वेळ समुद्रावर असते, त्यामुळे मोठ्या नौका निसटून गेल्यानंतर येणारे वादळ तिच्याच वाट्याला येऊ शकते.

हा समुद्र इतका बेभरवशाचा का?

तीन कारणे एकत्र येतात. पहिले, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे वाहणारा उबदार सागरी प्रवाह. हा नौकांना पुढे ढकलतो, म्हणून तो हवाहवासा. पण दक्षिणेकडून अचानक जोराचा वारा सुटला, की प्रवाह एका दिशेने आणि वारा विरुद्ध दिशेने अशी टक्कर होते. लाटा जवळजवळ येतात, उभ्या चढतात आणि फुटतात.

दुसरे कारण बास सामुद्रधुनी. ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्यामधला हा समुद्र सरासरी जेमतेम ६० मीटर खोल आहे. खोल महासागरातून आलेल्या लाटा उथळ पाण्यात शिरल्या की त्यांचा वेग घटतो आणि उंची वाढते. तिसरे, या अक्षांशांवर पश्चिमेकडून जाणारे कमी दाबाचे पट्टे. त्यांना अडवायला जमीन जवळपास नाहीच. २०२४ च्या डिसेंबरमध्ये भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर रूपा ए. आणि दिलना के. या दोघी गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडून न्यूझीलंडमधील लिटलटनला पोहोचल्या, त्या याच वाऱ्यांच्या पट्ट्यातून.

१९९८ मध्ये काय घडले?

त्या वर्षी ११५ नौका सुटल्या आणि फक्त ४४ होबार्टला पोहोचल्या. पाच नौका बुडाल्या, सहा खलाशांचा मृत्यू झाला आणि ५५ जणांना वाचवावे लागले. बुडालेल्यांमध्ये ‘विन्स्टन चर्चिल’ होती, १९४५ च्या पहिल्या नऊ नौकांपैकी एक. मृतांमध्ये ब्रिटनचे ऑलिम्पिकपटू ग्लिन चार्ल्स होते. त्याच वादळातून वाट काढत ‘एएफआर मिडनाइट रॅम्बलर’ या अवघ्या ३५ फुटी नौकेने टॅटरसॉल करंडक जिंकला.

हवामान खात्याने इशारा दिला नव्हता का? दिला होता. शर्यत सुटल्यानंतर थोड्याच वेळात तो ‘वादळ’ या पातळीपर्यंत वाढवलाही होता. गफलत आकड्यांचा अर्थ लावण्यात झाली. अंदाजात सांगितलेला वारा हा सरासरी असतो. झोत त्यापेक्षा ४० टक्क्यांनी जोरदार असू शकतो. हे ४० टक्के किरकोळ नाहीत, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.४ चा वर्ग १.९६. म्हणजे शीड आणि डोलकाठीवरचा भार जवळपास दुप्पट!

लाटांचेही तसेच. अंदाजातील उंची म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. अंदाज पाच मीटरचा असेल, तर एखादी लाट दहा मीटरचीही येऊ शकते आणि नौका उलटवायला एकच पुरते. अनेक खलाशी मात्र अंदाजातील आकडा हीच कमाल मर्यादा मानून चालले होते.

मग नियम बदलले का?

बदलले. मृत्यूंची न्यायिक चौकशी झाली. संकट वाढत गेल्यावर आयोजक व्यवस्थापक न राहता प्रेक्षक बनले, असा तिचा रोख होता. अंदाजात कमाल झोत आणि कमाल लाटांची माहिती द्यावी, अशी शिफारसही झाली. सागरी सुरक्षेचे प्रशिक्षण, खलाशांचा अनुभव, जीवरक्षक साधने यांचे निकष कडक झाले.

सर्वांत महत्त्वाचा बदल दिसायला साधा आहे. बास सामुद्रधुनीत शिरण्याआधी ग्रीन केपजवळ प्रत्येक नौकेला रेडिओवरून सांगावे लागते, की नौका आणि खलाशी पुढे जाण्यास सक्षम आहेत. आसऱ्याचे शेवटचे मोठे बंदर, ईडन, त्याच्या जवळच आहे. म्हणजे परतणे शक्य असतानाच कप्तानाला थांबून विचार करणे भाग पडते. नाही तर ‘एवढे आलोच आहोत’ या ओढीने निर्णय न घेताच पुढे जाणे होते.

तरीही २०२४ मध्ये मृत्यू कसे झाले?

कारण धोका फक्त बुडण्याचा नसतो. मुख्य शिडाच्या तळाशी बूम नावाची आडवी दांडी असते. मागून जोराचा वारा असताना नौकेची दिशा किंचित चुकली, तरी वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूने शिरतो. बूम आणि तिला बांधलेले दोर क्षणार्धात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकले जातात. दोन्ही मृत्यू अशाच यंत्रणेच्या तडाख्याने झाले. दोन्ही ठिकाणी नौका शाबूत होती. सहकाऱ्यांनी प्राण वाचवण्याचे प्रयत्न केले, पण किनारा दूर होता.

शर्यत थांबवायला हवी होती का?

भावना सांगते, हो. पण क्रिकेटचा सामना थांबवला की खेळाडू पॅव्हेलियनमध्ये जातात. इथे शर्यत रद्द झाली तरी नौका समुद्रातच असतात. वारा मागून असेल तर वळून परतणे पुढे जाण्यापेक्षा धोक्याचे ठरू शकते. म्हणूनच शर्यतीत उतरायचे की नाही आणि पुढे जायचे की नाही, ही जबाबदारी सर्वस्वी नौकेची, असे नौकाशर्यतींची आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते.

याचा अर्थ आयोजकांची सुटका होते, असे मात्र नाही. कप्तान शहाणपणाने ठरवू शकतो, ते समोरची माहिती पुरेशी आणि समजेल अशा भाषेत असेल तरच. १९९८ मध्ये आकडे होते, त्यांचा अर्थ पोहोचला नव्हता. २०२४ नंतर प्रश्न आणखी बारीक झाला आहे. वादळाची पूर्वसूचना देता येते, पण रात्रीच्या अंधारात चुकलेल्या एका वळणाची देता येत नाही. त्यासाठी बूम आवरणारी साधने, वेळेत कमी केलेली शिडे आणि कोणी कुठे बसायचे याची शिस्तच कामी येते. हे सारे नौकेचा वेग थोडा कमी करते आणि २०२३ मध्ये पहिल्या दोन नौकांत अंतर होते अवघे ५१ सेकंदांचे. शर्यतीच्या ऐन भरात वेग सोडायची तयारी किती कप्तानांची असते, यावर पुढच्या २६ डिसेंबरची सुरक्षितता अवलंबून आहे.