मोजायचं काय, तेवढं सांगा

मंडळी, या वयात विममध्ये स्क्रिप्ट लिहायचं खूळ कुठून शिरलं, असं भाच्यानं परवा फोनवर विचारलं. (विम म्हणजे भांडी घासायचा नव्हे, संगणकावरचा एडिटर.) तर सांगतो. ही गेली त्याला आता चार वर्षं होतील. तिला शब्दकोडी रचायचा नाद होता. तिच्या वहीत दोन अक्षरी, तीन अक्षरी, चार अक्षरी अशी शब्दांची पानंच्या पानं आहेत. ती टंकून सगळ्या नातेवाइकांना द्यायची आहे. टंकताना शब्द भलत्या पानावर जाऊ नयेत म्हणून म्हटलं, अक्षरं यंत्राकडून मोजून घ्यावीत.

विममध्ये स्ट्रलेन नावाचं तयार फंक्शन आहे, शब्दाची लांबी सांगणारं. मी ‘मराठी’ दिलं. उत्तर आलं १५!

नातू म्हणाला, "आजोबा, हेल्प वाचा ना." तो सूर माझ्या ओळखीचा आहे. "पुस्तकात दिलंय, बघ," असं मी वर्गात याच सुरात म्हणत असे. वाचलं, तर स्ट्रलेनच्या नोंदीत एकाच वाक्यात लिहिलेलं होतं की ही लांबी बाइटमध्ये असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. पाच त्रिक पंधरा. कोडं सुटलं. शेजारची फंक्शनंही सापडली. स्ट्रचार्स ५ सांगतं, स्ट्रचारलेन मात्रा-वेलांट्या सोडून ३ सांगतं.

ब्राम मोलेनार या डच गृहस्थांनी १९९१ साली विम लोकांपुढे ठेवला आणि २०२३ साली जाईपर्यंत सांभाळला. हेल्पच्या पानांवर त्यांचंच नाव आहे. एवढं मोठं काम करणाऱ्या माणसानं ‘बाइटमध्ये’ हे सांगायचा कंटाळा केला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. फंक्शनचं नाव काय, सगळीच नावं गोड असतात. ते नेमकं काय मोजतं हे नोंदीतूनच कळतं.

असो. पुढे ‘क्षमा’ आला. हिनं तो दोन अक्षरी पानावर लिहिलेला. स्ट्रचारलेन म्हणालं ३. मी चक्क खोडरबर हातात घेतलं होतं! हिचं चुकलं असेल, असं क्षणभर मला खरंच वाटलं. चाळीस वर्षं मराठी शिकवूनसुद्धा. मग लक्षात आलं की यंत्र पाय मोडलेला क वेगळा धरतं आणि ष वेगळा. नोंदीत जोडून येणारी चिन्हं मोजत नाही एवढं आहे, जोडाक्षराचं नाव नाही.

माझी तक्रार इथे आहे, पण ती मोलेनारांवर नाही. त्यांना जोडाक्षर कुठून ठाऊक असणार? ज्यांना ठाऊक आहे अशी आपली कितीतरी मुलं याच धंद्यात आहेत. ती नवी फंक्शनं लिहायला एका पायावर तयार असतात, जुन्याच्या नोंदीत एक उदाहरण घाला म्हटलं की ते कमी दर्जाचं काम! भाच्या, तूसुद्धा त्यातलाच. कोड मोफत आहे, खुला आहे, कुणालाही दुरुस्ती सुचवता येते. मग ‘क्षमा’चं एक उदाहरण तिथे असायला काय हरकत आहे? नवशिक्याला "हेल्प वाच" म्हणून दटावायचं, तर तो जिथे अडखळणार ती जागा हेल्पमध्ये नको का?

माझ्यापुरता तोडगा मी काढला: जितके पाय मोडलेले तितके वजा करायचे, फक्त शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला असेल, जसं ‘अर्थात्’, तर तो सोडायचा. सुचवायचा मजकूरही लिहून ठेवलाय, दोनच ओळी. इंग्रजी तेवढं धाकट्या भाचीनं तपासून द्यावं.

‘क्षमा’ दोन अक्षरी पानावरच आहे. खोडरबर ड्रॉवरमध्ये ठेवून दिलंय.